खाली बघून चालणाऱ्यांचं शहर

ऑफिसात तिला सगळे महापौर म्हणायचे. निवडणूक कधी झाली नव्हती, गाडी-बंगल्याचा प्रश्नच नव्हता, आणि तिच्या खुर्चीचं एक चाक कित्येक महिने दुरुस्तीची वाट बघत होतं. पण एक आख्खं शहर मात्र खरोखरच तिच्या हाताखाली होतं. कंपनी एक मोठा गेम बनवत होती. त्यात खेळणारा एक भटका प्रवासी होऊन बंदराच्या शहरात उतरतो, लोकांशी बोलतो, कामं पत्करतो, जमलं तर भांडणं सोडवतो आणि नाही जमलं तर ओढवून घेतो. या शहरातल्या गल्ल्या, जिने, पूल, बाजार, कुठल्या वळणावर काय दिसावं आणि काय दिसू नये, हे सगळं ठरवायचं काम तिचं. कथा लिहिणारे वेगळे, माणसं रंगवणारे वेगळे, नुसता तलवारींचा खणखणाट करणारा तर एक स्वतंत्र गृहस्थ होता. रस्ते मात्र हिचे.

आणि रस्त्यांच्या बाबतीत ती भलती हट्टी होती. तिचं म्हणणं असं, की शहर चालून कळलं पाहिजे. मान वर केली की मनोऱ्याचं टोक दिसावं, पुलावर आलं की वेशीवरचे झेंडे दिसावेत, आणि त्यांच्या आधाराने खेळणाऱ्याने आपला आपण रस्ता काढावा. स्क्रीनवर पिवळा बाण दाखवून ‘इकडे वळा, तिकडे वळा’ करणारे गेम तिला डोळ्यांसमोर नको असत. “बाण दिला की माणूस शहर बघत नाही, बाण बघतो,” हे वाक्य तिने बैठकांमध्ये इतक्यांदा ऐकवलं होतं, की ती तोंड उघडायच्या आधीच कोणीतरी ते म्हणून टाकायचं.

आता मात्र तिच्या हट्टाची परीक्षा होती. शहराच्या वरच्या अंगाला तिने रंगारी आळी वसवली होती. कापड रंगवणाऱ्यांची वस्ती, अरुंद बोळ, दोन्ही बाजूंनी पुढे झुकलेली उंच घरं, दोऱ्यांवर वाळत घातलेली ओली कापडं. तिचा सगळा जीव त्या आळीत होता. पण चाचणीला बोलावलेल्या खेळाडूंपैकी कोणी तिथे फिरकलंच नाही. कोण कुठे हिंडलं ते दाखवणारा एक नकाशा चाचणीनंतर निघतो. जिथे वर्दळ तिथे लाल, जिथे तुरळक तिथे निळा, आणि जिथे कोणीच नाही तिथे काळा. रंगारी आळी काळी ठिक्कर होती.

“महापौर, तुमच्या आळीत चिटपाखरू नाही,” घड्याळसाहेब म्हणाले. हे कामाचे प्रमुख. त्यांच्या तोंडून तारखेशिवाय दुसरं काही निघत नसे म्हणून ऑफिसने त्यांना घड्याळ केलं होतं. “लोक तोंडाशी येतात, आत डोकावतात आणि परत फिरतात. मी म्हणतो, बाण टाकू. नाहीतर आळीच काढून टाकू. मशीनवरचा भार तरी हलका होईल.”

“पुढच्या चाचणीपर्यंत थांबा,” ती म्हणाली.

“पुढच्या चाचणीनंतर मी ऐकणार नाही हं.”

ती मान डोलवून जागेवर येऊन बसली. ऑफिसातलं हे दुखणं तसं तिच्या सवयीचं होतं. घरातलं दुखणं नवं होतं.

घरी बाबा होते. आई गेल्यावर त्यांनी गावाकडचं घर आवरलं आणि ते हिच्याकडे राहायला आले. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. जगातल्या सामुद्रधुन्या त्यांना झोपेतसुद्धा सांगता आल्या असत्या. संध्याकाळी चपला घालून एकट्याने फिरून येणं एवढं एकच व्यसन त्यांना होतं, आणि त्यात ते कोणाची सोबत चालवून घेत नसत. “सोबत असली की बोलावं लागतं,” असं त्यांचं कारण होतं.

हिची वसाहत मात्र फिरणाऱ्याच्या मुळावर उठलेली होती. सगळ्या इमारती एकाच उंचीच्या, एकाच मळकट पांढऱ्या रंगाच्या, एकाच बाजूला जिना असलेल्या. बांधणाऱ्याने एकच इमारत काढली आणि बाकीच्या कॉपी-पेस्ट केल्या, हे हिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिच्या धंद्यात असं केलं तर लाज काढतात. निदान इमारत थोडी वळवून तरी ठेवतात, म्हणजे चोरी लपते. पण भाडं परवडत होतं आणि ऑफिस जवळ होतं, म्हणून तिने कानाडोळा केला होता.

बाबा पहिल्यांदा हरवले तेव्हा फाटकावरच्या वॉचमनने त्यांना दारापर्यंत आणून सोडलं. “भूगोलाचे मास्तर, आणि स्वतःचं घर सापडेना,” असं म्हणत ते स्वतःच हसले होते. दुसऱ्यांदा हरवले तेव्हा ते हसले नाहीत. हात-पाय धुऊन खिडकीशी बसून राहिले.

मग दादाचा फोन आला. दादा हिचा थोरला भाऊ, लांबच्या शहरात राहणारा. माणूस वाईट नव्हता, पण काळजी वाटली की तो हुकूम सोडायचा.

“हे विसरायला लागलेत, तुझ्या लक्षात येत नाहीये,” तो म्हणाला. “मी त्यांना इकडे घेऊन येतो. दिवसभर सोबतीला माणूस ठेवतो. एकटं बाहेर सोडायचंच नाही, विषय संपला.”

“अरे, त्यांना तेवढंच एक आवडतं.”

“आवडतं म्हणून हरवू द्यायचं? हे बघ, आणखी एकदा असं झालं तर मी विचारत बसणार नाही. सरळ येऊन घेऊन जाईन.”

फोन ठेवल्यावर तिने दादाचं घर डोळ्यांसमोर आणलं. दादाकडे उंच इमारतीतलं घर होतं, खाली भरधाव रस्ता होता, आणि तिथे बाबांचं सगळं फिरणं गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होणार होतं. सोबतीचा माणूस मागे चहा घेऊन उभा. बाबा नाही म्हणणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कोणाला आपला त्रास होतोय असं वाटलं की ते कुठेही जाऊन बसतील आणि तिथे गुपचूप वाळत जातील. ते तिला बघवलं नसतं.

मग तिने ते केलं, जे ऑफिसात कोणी केलं असतं तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. तिने बाबांना बाण दिला. नवा फोन आणला, त्यात घराची जागा घातली आणि दाखवलं, हा बाण ज्या दिशेला वळेल त्या दिशेला वळायचं, की झालं.

त्या संध्याकाळी बाबा वेळेवर घरी आले. पँटला गुडघ्याशी माती लागली होती.

“हे काय?”

“काही नाही. तुझा बाण म्हणाला सरळ जा, सरळ फुलांचा वाफा होता.”

“पण घर सापडलं ना? फिरून बरं वाटलं?”

“फिरलो कुठे? फोन बघितला,” बाबा म्हणाले. “फाटकापाशी कुत्रीला पिल्लं झालीयत म्हणे. वॉचमन सांगत होता, मास्तर, दोनदा तिच्या अंगावरून गेलात. मला एकदाही दिसली नाही.” आणि त्यांनी फोन टेबलाच्या खणात ठेवून दिला. तिचंच वाक्य तिच्या पदरात परत पडलं होतं.

सुट्टीच्या दिवशी ती घरी बसून आळीचंच काम करत होती. बाबा बाजूला खुर्ची ओढून बसले. स्क्रीनवर प्रवासी बाजारातून चालला होता. बाबा बराच वेळ बघत होते.

“याच्या मागे कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“कोणाच्या?”

“या तुझ्या प्रवाशाच्या. आपण सारखी याची पाठ बघतोय. म्हणजे याच्या मागून कोणीतरी चालतंय.”

“कोणी नाही हो बाबा. तो कॅमेरा असतो. मागून आणि जरा वरून दाखवतो, म्हणजे खेळणाऱ्याला लांबचं दिसतं.”

“असं होय,” बाबा म्हणाले. “आणि याला माहीत आहे का, मागे कोणी आहे ते?”

तिला हसू आलं. बाबाही हसले आणि चहा टाकायला उठले.

बाण फसला, म्हणून तिने आपल्या कसबावर भिस्त ठेवली. खेळणाऱ्याला वाट चुकू द्यायची नसेल तर लांबून दिसेल अशी उंच खूण द्यायची, हा तिचा पहिला नियम. तिने बाजारातून भगभगीत नारिंगी कापड आणलं आणि चौथ्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीत कठड्याला बांधून टाकलं. फाटकापासून, बागेपासून, मागच्या गल्लीतून, सगळीकडून स्वतः जाऊन बघितलं. कापड कुठूनही डोळ्यांत भरत होतं. बाबांना सांगितलं, नारिंगी दिसलं की घर. बाबा म्हणाले, बरं. ती निर्धास्तपणे ऑफिसला गेली.

संध्याकाळी बाबा शेजारच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर गेले आणि तिथल्या कुलपाशी झटापट करत बसले. कुलूप बिघडलंय असं त्यांना वाटलं. दार आतून उघडलं तेव्हा समोर एक अनोळखी बाई उभी होती. बाई भली होती. तिने बाबांना आत बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. चिठ्ठी दादाने गाव सोडतानाच करून दिलेली होती आणि नंबरही दादाचाच होता.

“रविवारी येतोय,” दादाने हिला कळवलं. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. “त्यांची बॅग भरून ठेव. नाहीतर राहू दे, मीच बॅग घेऊन येतो.”

बाबांना तिने हे सांगितलं तेव्हा ते वर्तमानपत्राची घडी घालत होते. “बरं,” एवढंच ते म्हणाले. घडी मात्र त्यांनी उलगडून पुन्हा घातली.

तिने हात टेकले होते, पण एक गोष्ट तिला सोडत नव्हती. एवढं मोठं कापड दिसलं कसं नाही? दृष्टी चांगली होती, गेल्याच महिन्यात तपासली होती. मग खरंच डोक्यातून काही निसटायला लागलंय का, ही भीती तिला वाटली, आणि ती तिने मनातून ढकलून दिली नाही. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसातून लवकर निघाली आणि बागेच्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहिली. बाबा फिरून परत येताना दिसले, तशी ती काही अंतर ठेवून त्यांच्या मागे लागली.

मागून बाबांची पाठ दिसत होती. खांदे थोडे पुढे आलेले, हात मागे बांधलेले. त्यांच्या डोक्यावरून लांबवर तिचं नारिंगी कापड वाऱ्यावर फडफडत होतं. तिच्या डोळ्यांना सगळं कसं छान दिसत होतं. तिने कोणाही खेळाडूला असंच दाखवलं असतं. बाबा मात्र वळणाशी आले, थांबले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि कापडाच्या बरोबर उलट दिशेला वळले. त्यांनी मान वर केलीच नव्हती.

आणखी थोडं चालून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की त्यांनी ती एकदाही वर केली नव्हती. ते पायांखालची फरशी बघत चालत होते. जमिनीचा हातभर तुकडा, मग पुढचा हातभर तुकडा. फरशी कुठे उचकटली आहे, कडा कुठे आहे, ओलं कुठे आहे. तिच्या कापडाचा, मजल्यांचा, आकाशाचा त्यांच्या फिरण्याशी काही संबंधच नव्हता. आणि तिने? तिने इतकी वर्षं कोणाच्या तरी मागून आणि जरा वरून शहरं बघितली होती, आणि बाबांसाठी खूण लावतानाही त्याच डोळ्यांनी लावली होती. स्वतःच्या बापाच्या मागे ती आत्ता कॅमेऱ्यासारखी चालली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि ती झपाझप पावलं टाकून त्यांच्या शेजारी आली.

“आलीस का,” बाबा म्हणाले. त्यांना जराही नवल वाटलं नव्हतं.

“तुम्हाला माहीत होतं मी मागे आहे?”

“ऊन पाठीमागून येतंय. तुझी सावली मघापासून माझ्यापुढे चालतेय.” मग थोडं थांबून ते म्हणाले, “मागे राहून काय बघत होतीस? माझी पाठ?”

दोघं बाकावर बसली.

“बाबा, तुम्ही वर का बघत नाही?”

बाबांनी आधी उडवाउडवी केली. मग म्हणाले, “मान वर केली की गरगरतं. गावाकडे एकदा पडलो होतो, अंगणातच. तेव्हापासून पाय कुठे पडतोय ते बघितल्याशिवाय टाकवत नाही मला.”

“मग सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर दादाने मला खाटेला बांधून ठेवलं असतं,” बाबा म्हणाले. “आणि तूही.”

‘तूही’ म्हटल्याचा तिला राग आला नाही, कारण ते खरं होतं. बाबा हळूच म्हणाले, “मला नाही गं जायचं तिकडे.” इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी नको म्हटलं होतं. तिने त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मानेचे व्यायाम दिले, हातात काठी घ्या म्हणून सांगितलं. स्मरणशक्तीचं विचारल्यावर त्यांनी बाबांना बरेच प्रश्न विचारले, आणि वयोमानाने ठीक आहे, असा निर्वाळा दिला. बाबांनी जाता जाता डॉक्टरांना त्यांच्या भिंतीवरच्या जुन्या नकाशातली एक चूक दाखवली. काठी मात्र घेतली.

मग बापलेकी कामाला लागली. फाटकापासून घरापर्यंत ती बाबांच्या शेजारून, मान खाली घालून चालली. पहिल्या फेरीत तिला फक्त फरशी दिसली. दुसऱ्या फेरीत फाटकाच्या आतलं गटाराचं गोल झाकण दिसलं, जे पाय पडला की खडखडतं. पुढे झाडाच्या मुळांनी फरशा उचलून उंचवटा केला होता. त्याच्या पलीकडे बागेचा गळका नळ, आणि त्याच्याखाली कधी न वाळणारं डबकं. सगळं इतके दिवस तिथेच होतं. कॉपी-पेस्ट करणाऱ्याला जमीन काही कॉपी करता आली नव्हती.

एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची खूण दिसली पाहिजे, हा तिचा दुसरा नियम. तो मात्र इथे चालला. बाबांच्या उत्साहाला तर ऊतच आला. त्यांनी भराभर नावं ठेवायला सुरुवात केली. फाटक म्हणजे बंदर, झाकण म्हणजे बेट. मुळांचा उंचवटा ही पर्वतरांग. डबकं हे सरोवर. दोन कुंपणांच्या मधली चिंचोळी वाट ही खिंड.

“आणि खिंडीच्या पुढे?” तिने विचारलं. खिंडीच्या पुढे सारखे जिने होते, एकाला झाका आणि दुसऱ्याला काढा. तिथे काही सापडेना. शेवटी तिने निळा रंग आणला आणि आपल्या जिन्याच्या पहिल्या पायरीला समोरून फासून टाकला.

“परवानगी घेतलीत का?” वसाहतीचे सेक्रेटरी वरून ओरडले.

“हा किनारा आहे,” बाबा म्हणाले. सेक्रेटरी डोकं हलवत आत गेले. नारिंगी कापड तिने त्याच दिवशी सोडून ठेवलं.

हे सगळं करताना रंगारी आळी तिच्या डोक्यातून गेली नव्हती. ऑफिसात जाऊन तिने कॅमेरा प्रवाशाच्या मागून काढला आणि त्याच्या डोळ्यांशी आणला. मग आणखी खाली, पावलांशी आणला आणि आळीच्या तोंडाशी उभी राहिली. मनोरा कुठे होता? नव्हताच. झेंडे? नव्हते. झुकलेल्या घरांनी आणि वाळत घातलेल्या कापडांनी आकाशच झाकून टाकलं होतं, आणि तिने दिलेल्या झाडून सगळ्या खुणा आकाशात होत्या. आत शिरलेल्या माणसाला परत कसं यायचं हे सांगणारं तिथे काही नव्हतं. लोक घाबरून परत फिरत होते, आणि ती त्यांना आळशी म्हणत होती.

ती गेमातलं पाणी बनवणाऱ्या बाईकडे गेली. नदी, समुद्र, पाऊस, जे काही वाहतं ते या बाईच्या अखत्यारीत.

“मला गटार पाहिजे,” महापौर म्हणाली.

“अखेर महापौरांना कामाची आठवण झाली,” पाणीवाली म्हणाली.

मग आळीतल्या प्रत्येक रंगाऱ्याच्या दारातून रंगाचं पाणी निघालं. निळीवाल्याचं निळं, मंजिष्ठावाल्याचं लाल. दगडी पन्हळीतून ते बोळाच्या कडेने उतरत एकमेकांत मिसळायचं आणि खाली चौकात येईपर्यंत जांभळं व्हायचं. पाण्याच्या उलट चाललं की आळीत खोल जाता येतं, पाण्यासोबत चाललं की चौकात परत. कुठे पाटी नाही की बाण नाही.

शुक्रवारी चाचणी झाली. नकाशा निघाला तेव्हा घड्याळसाहेब त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले. आळी लाल झाली होती. पण तेवढंच नव्हतं. आळीच्याही मागे, तटबंदीजवळ एक ओसाड माळ होता. तिथे हिने चार दगड टाकण्यापलीकडे काही केलं नव्हतं. तोही लालेलाल.

“आळी राहिली, बाण गेला,” घड्याळसाहेब म्हणाले. “पण त्या माळावर काय पुरून ठेवलंयत?”

“काही नाही.”

“मग निम्मे लोक तिथपर्यंत तंगडतोड करत का गेले?”

“मला नाही माहीत,” ती म्हणाली, आणि खरंच तिला माहीत नव्हतं. तिचं मन रविवारात अडकलं होतं.

रविवारी दादा आला. टॅक्सी थेट जिन्यापाशी थांबली. त्याच्या हातात मोठी बॅग होती आणि ती रिकामी होती, हे तिच्या हलकेपणावरूनच कळत होतं. हिने त्याला मानेचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, बेटापासून किनाऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. दादाने ऐकून घेतलं.

“म्हणजे तू त्यांना डबकी बघत घरी यायला शिकवलंस,” तो म्हणाला.

“त्यांनी मला शिकवलं.”

बाबांनी चपला चढवल्या, काठी घेतली. “पाव संपलाय. घेऊन येतो,” असं म्हणून ते निघाले. दादा उठायला लागला, तसा तिने त्याचा दंड धरला. “एकदा. एकदा जाऊ दे.”

पावाचं दुकान फाटकाच्या बाहेरच होतं. जायला-यायला किती वेळ लागतो, हे दोघांनाही माहीत होतं. तो वेळ होऊन गेला. चहा निवला. दादा गॅलरीत जाऊन आला, पुन्हा जाऊन आला. आता हे आले नाहीत तर आपल्यापाशी बोलायला तोंड उरणार नाही, हे तिला कळत होतं. मागोमाग जावं असं तिला दहादा वाटलं. ती खुर्चीच्या कडेला घट्ट धरून बसून राहिली.

“बस झालं,” दादा म्हणाला आणि धाडधाड जिना उतरून गेला.

तो गेला आणि थोड्याच वेळात दारात काठी वाजली. बाबा आत आले. एका हातात पाव, कपाळावर घाम, चेहरा मात्र शाळा सुटल्यावरच्या पोरांसारखा.

“बाबा! किती उशीर!”

“अगं, दुकानाच्या पुढे एक रस्ता जातो ना, तो कुठे जातो ते बघायचं कधीपासून मनात होतं. शेवटाला कालवा आहे. चांगला रुंद आहे, पाणीही वाहतं आहे. काठाने जरा चाललो.”

“एकटेच? इतक्या लांब?”

“परत कसं यायचं ते पायांना पक्कं माहीत होतं ना, म्हणून गेलो लांब,” बाबा म्हणाले. “नाहीतर कशाला गेलो असतो?”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ओसाड माळावर लोक का गेले, ते तिला आत्ता कळलं. ती हसायला लागली आणि हसता हसता तिला रडूही आलं. बाबांना वाटलं, उशिरामुळे रडतेय. त्यांनी पाव टेबलावर ठेवून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. दादा होता, धापा टाकत.

“बाबा कुठे दिसत नाहीयेत. आणि हे बघ, हसू नकोस. आपली बिल्डिंग यातली कुठली?”

बाबांनी तिच्या हातातून फोन घेतला.

“मी घरी आहे,” ते म्हणाले. “तू कुठे आहेस?”

“मला काय माहीत! सगळ्या सारख्याच दिसतायत.”

“वर नको बघू. पायाशी काय आहे ते सांग.”

मग दादाचा आवाज आला, एकदम लहानपणीचा. “पायाशी? पाणी आहे. एक नळ गळतोय.”

“मग तू सरोवरापाशी आहेस. हलू नकोस, मी येतो.”

बाबांनी फोन तिला दिला, काठी घेतली आणि ते निघाले. ती गॅलरीत आली नाही. ती पाव कापायला बसली. बऱ्याच वेळाने जिन्यावर दोघांची पावलं वाजली, आणि बाबांचा आवाज आला, “ही बघ, ही निळी पायरी. इथे किनारा लागला.” दादा काहीतरी पुटपुटला. तो आत आला तेव्हा त्याचे बूट भिजलेले होते, आणि त्याने बाबांचं कोपर धरलं होतं. की बाबांनी त्याचं, ते नीट कळत नव्हतं.

तिघांनी पाव खाल्ला, पुन्हा केलेला चहा घेतला. बॅगेचा विषय कोणी काढला नाही. दादाने फक्त मानेच्या गोळ्यांची नावं विचारून घेतली, आणि बाबांच्या खिशातल्या चिठ्ठीवर बहिणीचा नंबर आपल्या नंबराच्या वर लिहिला.

संध्याकाळी दादा रिकामी बॅग घेऊन निघाला. बाबा त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि एकटे परत आले.